लावणीच्या दिवसांत एक पाय लाल होऊन सुजला तर

भातलावणीच्या दिवसांत सकाळपासून खाचरात उभे राहिलेल्या पायांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, आणि कोकणात त्यांना कोणी आजार मानत नाही. त्या मुख्यतः बुरशीमुळे होतात. परंतु भिजून फाटलेल्या त्या कातडीतूनच स्ट्रेप्टोकोकस किंवा स्टॅफिलोकोकस जातीचे जिवाणू आत शिरतात आणि कातडीखालच्या थरांत पसरतात. या संसर्गाला डॉक्टर सेल्युलायटिस म्हणतात. कालवे (शिंपल्यातले खाद्य जीव) काढताना समुद्रकाठच्या खडपावर पडलेली चीर किंवा शिंगाळा माशाचा टोचलेला काटाही त्याला पुरतो.

हा संसर्ग बहुधा एकाच पायाला होतो. दोन्ही पाय सारखेच सुजले असतील आणि गरम लागत नसतील, तर कारण बहुतेक वेळा निराळे असते. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, नुसती काळपट-जांभळट झाक येते. म्हणून हाताची मागची बाजू दोन्ही पायांवर आळीपाळीने ठेवून ऊब ताडून पाहावी. दुखरा, ताणलेला, गरम भाग, जांघेत आलेले अवधाण (दुखरी गाठ) आणि हुडहुडी भरून ताप ही पुढची लक्षणे होत. कधी ताप आधी येतो आणि पाय नंतर लाल होतो. ताप असताना चिखलात काम केल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण या दिवसांत त्यांना लेप्टोचाही (लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे उंदरांसारख्या प्राण्यांच्या लघवीने दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप) विचार करावा लागतो.

लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढून तिच्याजवळ तारीख व वेळ लिहावी आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. सौम्य संसर्गाला सेफॅलेक्सिनसारख्या प्रतिजैविकाच्या गोळ्या साधारण 5 ते 7 दिवस दिल्या जातात. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असल्यास ते आधी सांगावे, रक्तातील साखर तपासून घ्यावी आणि जखम असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनविषयी विचारावे. औषध सुरू झाल्यावर पहिल्या दिवशी लाली रेघेबाहेर थोडी सरकू शकते, मात्र 48 तासांनंतरही ती वाढतच असेल तर पुन्हा दाखवावे. झोपताना पायाखाली दोन उशा घेऊन पाय छातीपेक्षा उंच ठेवल्याने सूज लवकर उतरते. लावणी अर्धवट राहिली असताना पायाला असा आराम द्या हे सांगणे सोपे नाही, पण गोळ्यांइतकेच ते महत्त्वाचे आहे. चुना, शेण, बिब्बा यांपैकी काहीही लावू नये, आणि दुकानातून विचारून आणलेली स्टेरॉईडमिश्रित ट्यूब तर मुळीच नको.

वेदना दिसणाऱ्या लालीच्या मानाने असह्य असणे, काळे-जांभळे फोड येणे, कातडी बधिर होणे किंवा रुग्ण असंबद्ध बोलू लागणे, यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट न पाहता 108 ला फोन करावा. समुद्राच्या किंवा खाडीच्या पाण्यात झालेली जखम काही तासांतच चिघळली, तर व्हिब्रिओ नावाच्या जिवाणूचा संशय घ्यावा लागतो. त्याची औषधे वेगळी असतात, आणि यकृताचा आजार असलेल्याच्या तर तो जिवावर बेतू शकतो. म्हणून जखम कुठल्या पाण्यात झाली हे न विसरता सांगावे.

पाय बरा झाला तरी चिखल्या तशाच राहिल्या, तर पुढच्या लावणीत हेच दुखणे परतते. घरी येताच पाय साबणाने धुऊन प्रत्येक बेचके कोरड्या फडक्याने टिपावे आणि क्लोट्रिमॅझोलचे मलम दिवसातून दोनदा, कातडी बरी दिसू लागल्यावरही आणखी दोन आठवडे लावत राहावे.