ज्येष्ठांना इतिहास शिकवायचाय? मग साबुदाण्यापासून सुरुवात करा

एमए हिस्ट्री करून तासिका तत्त्वावर राबणारी बरीच मुलं-मुली विचारतात की ज्येष्ठ नागरिक संघात क्लास कसा सुरू केलास, काय काय घेतेस, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. चार वर्षं झाली, आठवड्यातून एक दिवस, संध्याकाळी पाच ते सव्वासहा, वीस-बावीस जण येतात.

पहिल्या बॅचला मी थेट पानिपत घेतलं. गोलाची लढाई (म्हणजे लवाजमा मध्ये ठेवून भोवती सैन्य-तोफा), मराठ्यांचा तोफखाना सांभाळणाऱ्या इब्राहिमखान गारद्याच्या तोफा, नकाशावर लाल-निळे बाण, सगळी तयारी चोख होती. पण तिसऱ्या आठवड्यात निम्म्या खुर्च्या रिकाम्या, आणि जे दोन-चार काका टिकले ते भाऊसाहेबांचं चुकलं की मल्हाररावांचं यावरच भांडायचे, बायका तर एक अक्षर बोलायच्या नाहीत.

दुसऱ्या वेळी योगायोगाने पहिला तास एकादशीला आला. फळ्यावर फक्त खिचडीचं सामान लिहिलं, साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, हिरवी मिरची, आणि विचारलं की १४९८ साली वास्को द गामा कालिकतला उतरला तेव्हा यातलं काय काय आपल्याकडे होतं. बराच वेळ चर्चा झाली आणि उत्तर निघालं, काहीच नाही! मिरची, बटाटा, शेंगदाणा सगळं मूळ अमेरिकेतलं, साबुदाणा ज्या कंदापासून करतात तोही तिकडचाच, रताळं आणि राजगिरासुद्धा. एक काकू जरा दुखावल्याच, म्हणाल्या, "अहो मॅडम, मग पूर्वीच्या बायका उपासाला खायच्या तरी काय?" मग वरी, शिंगाडा, दूध, फळं अशी यादी त्यांनीच करायला घेतली. त्या दिवशी सव्वासहाला कुणी उठलंच नाही.

तेव्हापासून माझा क्रम ठरलाय, आधी ताट, मग रणांगण. पानिपत आता मी रसदीपासून शिकवते. ऑक्टोबर १७६० मध्ये कुंजपुरा घेतल्यावर मराठ्यांच्या हाती धान्याचा मोठा साठा आला, पण लढणाऱ्यांबरोबर बुणगे (म्हणजे न लढणारे नोकरचाकर), यात्रेकरू, बायका-मुलं एवढा लवाजमा होता की तो पुरणार किती दिवस? नोव्हेंबरपासून छावणी पानिपतलाच अडकली, डिसेंबरमध्ये रसद पोचवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले, आणि १४ जानेवारी १७६१ ला माणसं उपाशीपोटी लढाईला उभी राहिली. सरदार भाऊंना म्हणाले की दोन दिवस पोटात काही नाही, असं मरण्यापेक्षा लढून मरू, हे मी सांगितलं आणि वर्ग एकदम शांत झाला.

शेवटच्या रांगेत एक आजोबा बसायचे, महिनाभर काही बोलले नव्हते. ते म्हणाले, "मिलोची भाकरी खाल्लीय का कुणी?" ७२ चा दुष्काळ, रेशनवरची ती लाल ज्वारी, थापताना तव्याआधीच तुटायची, दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलं की सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ, मिळायची, त्यातली अर्धी ते धाकट्या बहिणीसाठी सदऱ्याच्या टोकात बांधून आणायचे. सदऱ्याचं टोक बोटांत धरून गाठ कशी मारायची ते त्यांनी करून दाखवलं. माझ्या कुठल्याही नकाशाने पानिपतची उपासमार इतकी जवळ आली नसती, हे मी अगदी मनापासून सांगते.

म्हणून नव्यांना माझं पहिलं सांगणं हेच, की बोलू द्या त्यांना, एका तासातली वीस मिनिटं त्यांची. मात्र आठवण आणि पुरावा वेगळा ठेवा, सन-तारीख तपासून पुढच्या तासाला सांगा, त्यांना राग येत नाही, उलट आवडतं. आणि तुमचीही चूक ते पकडणार! मी एकदा पानिपतची लढाई संक्रांतीच्या दिवशी झाली असं म्हणून गेले, तर पंचांग बघणाऱ्या एका काकांनी थांबवलं, संक्रांत साधारण सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते, म्हणजे त्या साली ती तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती. बरोबर होतं त्यांचं, मी तिथेच फळ्यावर दुरुस्त केलं.

बाकी व्यवहाराचं म्हणाल तर हँडआऊट १८ पॉइंटमध्ये छापा, माईक हवाच, फळ्याकडे तोंड करून बोलू नका कारण कमी ऐकू येणारे ओठ बघून समजून घेतात, पाऊण तासाने चहा ठेवा आणि त्यात बिनसाखरेचा वेगळा. फी महिन्याची आधीच ठरवून घ्या, संकोच करू नका, एका ठिकाणी मी "बघू नंतर" म्हटलं आणि तीन महिन्यांचे पैसे शेवटपर्यंत मिळाले नाहीत.

पुढच्या बॅचला पोर्तुगीजांविरुद्धची वसईची मोहीम घेतेय, १७३७ ते १७३९, चिमाजी अप्पा. पहिल्या तासाला फळ्यावर एकच शब्द लिहिणार आहे, पाव. हा शब्द पोर्तुगीजांकडून आला एवढं मी सांगेन, आणि आपल्या घरात पाव पहिल्यांदा कधी आला आणि तेव्हा कोण रागावलं, ते त्यांनी सांगायचं.