समीकरण जुळले तरी चुकू शकते: या चुका टाळा

गुजरात बोर्डाच्या दहावीच्या विज्ञानात पहिलाच धडा रासायनिक समीकरणांचा असल्याने बडोद्यातल्या मराठी घरांमध्येही जूनच्या सुमारास वहीत दोन्ही बाजूंचे अणू मोजण्याचे काम सुरू होते. मोजणी बहुतेकांना जमते. घोडे अडते ते मोजणीच्या आधी, म्हणजे सूत्र लिहिताना, आणि मोजणीनंतर, म्हणजे विद्युतप्रभाराचा ताळा पाहायचा राहून जातो तेव्हा. पुढची समीकरणे नावांनी लिहिली आहेत; वाचताना शेजारी कागदावर सूत्रे मांडून घेतल्यास मुद्दा लवकर लक्षात येईल.

सूत्रातला खालचा अंक बदलून समीकरण जुळवणे ही सर्वांत जुनी चूक आहे. शहरालगतच्या फर्टिलायझरनगरातील खत कारखान्यात अमोनिया तयार होतो, म्हणून तेच उदाहरण घेऊ. योग्य समीकरण असे:

नायट्रोजन + 3 हायड्रोजन → 2 अमोनिया

डावीकडे नायट्रोजनचे 2 अणू आणि अमोनियात मात्र 1 दिसला, की काही विद्यार्थी अमोनियाच्या सूत्रातच नायट्रोजनखाली 2 लिहितात, मग हायड्रोजन जुळावा म्हणून त्याच्याखालचाही अंक बदलतात आणि शेवटी नायट्रोजनचे 2 व हायड्रोजनचे 4 अणू असलेला रेणू उभा राहतो. अणूंचा ताळा अगदी चोख जमतो, पण तो पदार्थ हायड्राझीन आहे आणि त्याचा उपयोग अग्निबाणाच्या इंधनात होतो. खालचा अंक त्या पदार्थाची ओळख असते. आपल्याला बदलता येतो तो केवळ सूत्राआधीचा सहगुणक.

ज्वलनाच्या समीकरणात ऑक्सिजन शेवटी जुळवावा, कारण उजवीकडे तो कार्बन डायऑक्साइड आणि पाणी अशा दोन्ही ठिकाणी असतो. गॅसच्या सिलिंडरमधील ब्युटेनसाठी ऑक्सिजनचे साडेसहा रेणू लागतात. अपूर्णांक आला म्हणून खोडून पुन्हा सुरुवात करण्याचे कारण नाही, सगळे दुप्पट करावे. 2 ब्युटेनला 13 ऑक्सिजन, 8 कार्बन डायऑक्साइड आणि 10 पाणी असे ते नीट बसते. नायट्रेट किंवा सल्फेट यांसारखे मूलक (एकत्र राहणारा अणूंचा गट) दोन्ही बाजूंना अखंड असेल, तर ते एक एकक मानून मोजल्याने वेळ वाचतो. मात्र लेड नायट्रेट तापवल्यावर नायट्रेट मोडते आणि लेड ऑक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड व ऑक्सिजन तयार होतात. तिथे प्रत्येक अणू वेगळाच मोजावा लागतो.

आयनिक समीकरणात, म्हणजे द्रावणातले प्रभारित कण (आयन) सुटे दाखवणाऱ्या समीकरणात, खरा प्रश्न मोजणीचा नसून कोणता पदार्थ फोडायचा आणि कोणता अखंड ठेवायचा हा असतो. पाण्यात विरघळलेले क्षार, तीव्र आम्ले आणि तीव्र आम्लारी यांचे आयन वेगळे लिहावेत. अवक्षेप (द्रावणात न विरघळता तळाशी बसणारा घन पदार्थ), वायू, पाणी आणि सौम्य आम्ले यांना हात लावू नये. लेड नायट्रेटमध्ये पोटॅशियम आयोडाइड घातल्यावर परीक्षानळीत पिवळाजर्द अवक्षेप डोळ्यांसमोर बसत असताना कागदावर मात्र लेड आणि आयोडाइड सुटे लिहिले जातात, हे दर वर्षी पाहायला मिळते. व्हिनेगर आणि खाण्याच्या सोड्याच्या बाबतीत चूक उलट बाजूने होते: अॅसिटिक आम्ल सौम्य असल्याने त्याचे बहुतेक रेणू द्रावणात अखंडच असतात, तरी सवयीने हायड्रोजन आयन सुटा काढला जातो. इथे अॅसिटिक आम्ल आणि बायकार्बोनेट आयन यांपासून अॅसिटेट आयन, पाणी व कार्बन डायऑक्साइड असे लिहावे.

पाठांतराचा फटका सर्वांत जास्त बसतो तो बेरियम हायड्रॉक्साइड आणि सल्फ्युरिक आम्ल यांच्या उदासिनीकरणात. हायड्रोजन आयन आणि हायड्रॉक्साइड आयन मिळून पाणी, एवढे लिहून बहुतेक जण थांबतात आणि बेरियम व सल्फेट यांना प्रेक्षक आयन, म्हणजे अभिक्रियेत भाग न घेणारे आयन, समजून खोडून टाकतात. प्रत्यक्षात बेरियम सल्फेटचा पांढरा अवक्षेप बसतो, म्हणजे या अभिक्रियेत प्रेक्षक कोणीच नाही:

बेरियम आयन + 2 हायड्रॉक्साइड आयन + 2 हायड्रोजन आयन + सल्फेट आयन → बेरियम सल्फेट + 2 पाणी

बेरियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात बल्ब जोडलेले इलेक्ट्रोड बुडवून आम्ल थेंब थेंब सोडले, तर बल्ब मंद होत होत विझतो आणि आम्ल जास्त झाल्यावर पुन्हा पेटतो. आयन द्रावणातून खरोखरच नाहीसे झाल्याचा याहून स्पष्ट पुरावा शाळेच्या प्रयोगशाळेत क्वचितच मिळेल.

आता प्रभाराकडे वळू. सिल्व्हर नायट्रेटच्या रंगहीन द्रावणात तांब्याची तार ठेवली, की काही वेळात तारेवर चांदीचे करडे, सुईसारखे स्फटिक धरतात आणि द्रावण निळसर होत जाते. याचे समीकरण कॉपर + सिल्व्हर आयन → कॉपर आयन + सिल्व्हर असे लिहिल्यास अणू जुळतात, पण डावीकडे एकूण प्रभार +1 राहतो आणि उजवीकडे +2 होतो. कॉपरचा एक अणू दोन इलेक्ट्रॉन देतो आणि सिल्व्हर आयन एकच घेतो, म्हणून सिल्व्हर दोन्हीकडे 2 हवे.

आणि तरीही, अणू व प्रभार दोन्ही जुळूनसुद्धा समीकरण चुकू शकते. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी ही गोष्ट एकदा तरी स्वतः करून पाहावी. आम्लयुक्त द्रावणात परमँगनेट आयन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांची अभिक्रिया पुढीलप्रमाणे लिहिता येते:

2 परमँगनेट आयन + 1 हायड्रोजन पेरॉक्साइड + 6 हायड्रोजन आयन → 2 मँगनीज आयन + 3 ऑक्सिजन + 4 पाणी

मोजून पाहा: ऑक्सिजनचे अणू दोन्हीकडे 10, हायड्रोजनचे 8 आणि प्रभार +4. कुठेही फट दिसत नाही. पण मँगनीजची ऑक्सिडीकरण स्थिती (इलेक्ट्रॉन दिल्या-घेतल्याचा हिशेब ठेवणारा अंक) +7 वरून +2 वर येते, म्हणजे दोन परमँगनेट आयनांना 10 इलेक्ट्रॉन हवेत, आणि पेरॉक्साइडचा एक रेणू ऑक्सिजन होताना फक्त 2 देतो. म्हणून पेरॉक्साइडचे 5 रेणू लागतात आणि उजवीकडे 5 ऑक्सिजन व 8 पाणी येते. आधी इलेक्ट्रॉन जुळवून मग हायड्रोजन आयन व पाणी भरले, तर हा घोटाळा होत नाही. तो राहून गेला, तर टायट्रेशनमध्ये (मोजलेले द्रावण घालून दुसऱ्या पदार्थाचे प्रमाण काढण्याच्या प्रयोगात) ब्युरेटचे, म्हणजे द्रावण सोडण्याच्या अंशांकित नळीचे, वाचन कितीही अचूक घेतले तरी हिशेबात पेरॉक्साइडचे प्रमाण खऱ्याच्या एक पंचमांशच निघते.