आखाडाचा रस्सा रात्रभर ओट्यावर ठेवू नका

आखाडात घरात मटण शिजलं की रस्सा उरतोच. रात्री पातेलं ओट्यावर झाकून ठेवायचं आणि सकाळी एक खदखदून उकळी द्यायची, ही कोल्हापुरातल्या कित्येक घरांची रीत. बाहेर पावसाची झड, घरात गारवा, मग काय बिघडतंय असं वाटतं. पण अन्नातले जंतू 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या दरम्यान कुठंही वाढतात. पावसाळ्यातला 24-25 अंशांचा ओटा आपल्याला गार वाटतो, जंतूंना नाही.

शिजवलेलं अन्न बाहेर जास्तीत जास्त 2 तास ठेवावं. एप्रिल-मे महिन्यांत स्वयंपाकघर 32 अंशांच्या वर गेलं तर 1 तासच. हा वेळ एकूण मोजायचा. पंगत बसलेली असताना उघडं राहिलेलं पातेलं, जावेकडं पाठवलेला डबा, तिथं तो उघडेपर्यंत गेलेला अर्धा तास, सगळं त्यातच धरायचं.

उकळीनं जंतू मरतात हे खरं, पण काहींचे बीजाणू (कठीण कवचातलं, उकळीतही तग धरणारं झोपलेलं रूप) मरत नाहीत. मटणाच्या रश्श्यात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स नावाच्या जंतूची भीती असते. त्याला हवा नको असते, आणि उकळल्यामुळं रश्श्यातली हवा निघून गेलेली असते. पातेलं निवत आलं की बीजाणू जागे होतात. 43 ते 47 अंशांच्या आसपास हा जंतू सगळ्यात जोरात वाढतो. सोयीची परिस्थिती मिळाली तर दर 10 मिनिटांच्या आसपास त्याची संख्या दुप्पट होते. पाच लिटरचं पातेलं, वर झाकण आणि तेलाचा जाड तवंग. असा रस्सा तासन् तास कोमटच राहतो.

सकाळच्या कडक उकळीनं हे वाढलेले जंतू मरतील, पण सगळेच धोके तिनं टळत नाहीत. भातात बॅसिलस सिरियस नावाचा जंतू असतो. भात बाहेर राहिला तर त्याचं एक विष तयार होतं, आणि ते उकळूनही जात नाही. म्हणजे रात्रभर टोपलीत राहिलेल्या भाताला कितीही खमंग फोडणी दिली तरी उपयोग नाही. खाल्ल्यावर अर्ध्या ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. हाडं काढताना किंवा मटण मोकळं करताना हातावरून जाणाऱ्या स्टॅफिलोकोकस या जंतूचं विषही असंच उष्णतेला दाद देत नाही.

वासावर भरवसा ठेवू नका. अन्न आंबवणारे जंतू वेगळे आणि आजारी पाडणारे वेगळे. त्यातून तांबड्या रश्श्यात कांदा-लसूण मसाला इतका असतो की बिघाडाचा वास त्याखाली सहज दडतो.

रस्सा लवकर निववणं हाच खरा उपाय. जेवणं सुरू व्हायच्या आधीच उद्याचा वाटा बाजूला काढा. तो पसरट डब्यांत किंवा ताटल्यांत 2 इंचांपेक्षा जास्त खोल नको. मटणाचे मोठे तुकडे असतील तर ते मोडून पसरा. पातेलंच गार करायचं असेल तर गार पाणी भरलेल्या परातीत किंवा टबात ठेवा. भोवतीचं पाणी आतल्या रश्श्याच्या पातळीपर्यंत यायला हवं. स्वच्छ पळीनं अधूनमधून ढवळा, म्हणजे मधला गरम भाग कडेला येतो. पाणी कोमट झालं की बदला. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी मुळातच गरम येतं, तेव्हा माठातलं घ्या किंवा परातीत बर्फ टाका (रश्श्यात नव्हे). दोन तासांत 21 अंशांपर्यंत आणि पुढच्या चार तासांत 5 अंशांपर्यंत उतरलं पाहिजे. हाताला कोमट लागलं की डबे फ्रीजमध्ये घाला. अगदी थंडगार होईपर्यंत थांबायची गरज नाही. एकावर एक रचू नका, मधून हवा फिरू द्या. अख्खं गरम पातेलं मात्र आत ढकलू नका: ते स्वतः लवकर निवत नाहीच, शेजारचं दूधही तापवतं.

पांढरा रस्सा जास्त अवघड. जोरात उकळला तर नारळाचं दूध फाटतं, म्हणून तो नुसता कोमट करून वाढला जातो, आणि कोमट करण्यानं जंतू मरत नाहीत. त्यापेक्षा नारळाचं दूध घालण्याआधीच अळणी रस्सा वेगळा काढून निववा. दुसऱ्या दिवशी तो खळखळून उकळा, मग लागेल तेवढंच ताजं दूध घालून मंद आचेवर ठेवा. तयार पांढरा रस्साच उरला असेल तर सतत ढवळत गरम करा. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर मधोमध 74 अंश दिसायला हवेत.

फ्रीज 4-5 अंशांवर असेल तर मटण 3-4 दिवस राहतं. भात दुसऱ्या दिवशी संपवावा. खाण्यापुरतंच काढून गरम करा. एकदा गरम केलेलं परत आत ठेवणं टाळा. भाकरी, शेंगदाण्याची कोरडी चटणी यांना ही घाई नाही, त्यांत पाणी कमी असतं. सुकं मटण मात्र नावापुरतंच सुकं.

लाईट गेली तर फ्रीजचं दार उघडू नका. बंद दारात अन्न साधारण 4 तास थंड राहतं. त्यापुढं रस्सा, भात, मटण टाकून द्या.

उलट्या-जुलाब झालेच तर मेडिकलमधून ओआरएस आणा. ते मिळेपर्यंत 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ (चहाचा चमचा) विरघळवून थोडं थोडं पाजा. शौचातून रक्त, जोराचा ताप, लघवी कमी होणं, किंवा रुग्ण तान्हं बाळ, गरोदर बाई, म्हातारं माणूस असेल तर घरी वाट न बघता लगेच दवाखाना गाठा.