मोबाइल ॲपमध्ये छोटी माहिती साठवताय? या चुका टाळा

पहाटे साडेपाचला फोन वाजला. ज्या दूध संकलन केंद्रासाठी मी ॲप करून दिलं होतं, तिथले काका बोलत होते. "अरे, ॲप उघडतंय आणि लगेच बंद पडतंय. बाहेर कॅन घेऊन माणसं उभी आहेत, मी काय करू?" आदल्या सकाळपर्यंत सगळं नीट चाललं होतं. ॲपचा नवा अपडेटही गेला नव्हता. खोदून खोदून विचारल्यावर एवढंच कळलं, की संध्याकाळी त्यांच्या मुलाने फोनची भाषा इंग्रजीवरून मराठी केली होती.

तेवढ्यानेच ॲप बंद पडलं होतं. शेवटचा दर, निवडलेली पाळी, भाषा, लॉगिन आहे की नाही, असल्या चार गोष्टी फोनमध्ये ठेवायला अँड्रॉइडवर आपण डोळे मिटून शेअर्ड प्रेफरन्सेस वापरतो. नाव आणि त्यापुढची किंमत (म्हणजे साठवलेली माहिती) अशा जोड्या ॲपच्या फाइलमध्ये ठेवणारी ही सोय. साठवायला एक ओळ, वाचायला एक ओळ. साठवताना चूक झाली तर त्या क्षणी काहीच दिसत नाही. ती दिसते नंतर कधीतरी वाचताना, आणि तेही दुसऱ्याच्या फोनवर. म्हणून या चुका आधीच माहीत असलेल्या बऱ्या.

मराठी फोनवरच बंद पडणारं ॲप

काकांच्या फोनवर काय झालं ते सविस्तर सांगतो, कारण मराठी माणसांसाठी ॲप करणाऱ्या कुणालाही हे गाठणार आहे.

शेअर्ड प्रेफरन्सेसमध्ये इंट आणि लाँग (पूर्णांक), फ्लोट (दशांश संख्या), बुलियन (हो किंवा नाही), स्ट्रिंग (मजकूर) आणि स्ट्रिंगचा संच एवढंच ठेवता येतं. डबलची, म्हणजे जास्त अचूक दशांश संख्येची, सोय नाही. त्यामुळे लिटरचा दर मी दोन दशांश स्थळांपर्यंत फॉरमॅट करून स्ट्रिंग म्हणून साठवत होतो. फॉरमॅट करताना भाषा सांगितली नाही, तर ते फोनची भाषा घेतं. फोन इंग्रजीत असताना दर इंग्रजी आकड्यांत लिहिला जात होता. फोन मराठीत गेला आणि संध्याकाळच्या पाळीत त्याच ओळीने देवनागरीत लिहिलं: ३४.५०. सकाळी ॲप उघडताना ही स्ट्रिंग मजकुरातून दशांश संख्या काढणाऱ्या पार्सडबलकडे गेली. पार्सडबलला देवनागरी आकडे कळत नाहीत. नंबर फॉरमॅट एक्सेप्शन (संख्या वाचता न आल्याची त्रुटी) आलं आणि पहिला स्क्रीन दिसायच्या आत ॲप बंद.

ही चूक चाचणीत का सापडत नाही, याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे हिंदी. फोन हिंदीत ठेवला तर अँड्रॉइड आकडे इंग्रजीच छापतं. मराठीत मात्र देवनागरी छापतं. "भारतीय भाषेत तपासलंय" असं म्हणणाऱ्या टीमने बहुतेक वेळा हिंदीत तपासलेलं असतं. दुसरं म्हणजे, पूर्णांक वाचणारं पार्सइंट देवनागरी आकडे बिनतक्रार वाचतं. त्यामुळे पावती क्रमांक बरोबर येतो, दर मात्र फसतो, आणि आपण भलत्याच ठिकाणी शोधत बसतो.

उपाय साधा आहे. फोनच्या भाषेतला फॉरमॅट फक्त पडद्यावर दाखवण्यासाठी वापरायचा. साठवण्यासाठी फॉरमॅटला लोकेल डॉट रूट (कुठल्याच भाषेशी न बांधलेला पर्याय) द्यायचं, किंवा सरळ टू-स्ट्रिंग वापरायचं. ते फोनच्या भाषेकडे पाहतच नाही. तारखांचंही तेच. सिम्पल डेट फॉरमॅटने मराठी फोनवर बनवलेली तारीख देवनागरी आकड्यांत येते आणि सर्व्हर ती नाकारतो. वेळ मिलिसेकंदांत, लाँग म्हणून ठेवली की हा प्रश्नच राहत नाही.

रुपयांसाठी मी आता एकच नियम पाळतो: पैशांत रूपांतर करून लाँगमध्ये ठेवायचं. ३४ रुपये ५० पैसे म्हणजे ३४५०. "मग फ्लोट आहे की" असं कुणी म्हणेल, म्हणून एक आकडा करून बघा. केंद्राची महिन्याची देय रक्कम ५,४३,२१०.३५ रुपये आहे असं धरा. ती पुटफ्लोटने ठेवली आणि परत वाचली, की हातात येतात ५,४३,२१०.३७५. एवढ्या मोठ्या संख्येला फ्लोटमधली सर्वांत छोटी पायरी ०.०६२५ ची असते, अधलंमधलं काही बसतच नाही. दोन-तीन पैशांचा फरक, पण हिशोबाच्या वहीशी ॲप जुळलं नाही की उत्पादकाचा विश्वास उडतो. आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

आणि हे विसरू नका: लिहिणारी ओळ दुरुस्त केली म्हणून बिघडलेले फोन दुरुस्त होत नाहीत. फाइलमध्ये चुकीची किंमत आधीच बसलेली आहे. नव्या आवृत्तीतही ॲप उघडताना तीच वाचणार आणि तिथेच पडणार. म्हणून वाचणारी ओळ ट्राय-कॅचमध्ये (त्रुटी पकडून ॲप चालू ठेवणाऱ्या रचनेत) हवी, आणि देवनागरी आकडे दिसले तर ते बदलून घेऊन किंमत नव्याने लिहायला हवी. त्या सकाळी काकांना मी "सेटिंगमध्ये जाऊन डेटा क्लिअर करा" असं सांगितलं असतं तर ॲप उघडलं असतं, पण फोनमधल्या, सर्व्हरवर न गेलेल्या नोंदीही पुसल्या गेल्या असत्या. फोन तात्पुरता इंग्रजीत करूनही भागलं नसतं, कारण बिघडलेला दर फाइलमध्येच होता. सात वाजता दुरुस्त आवृत्ती पाठवली. तोवर काकांनी सगळ्या नोंदी वहीत केल्या होत्या.

साठवलं, पण परत मिळत नाही

ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते. कारणं तीन-चारच असतात.

पहिलं: बदल पक्का करणारं अप्लाय किंवा कमिट राहिलंय. दुसरं त्याचंच फसवं रूप आहे. एका ओळीत प्रेफ्स डॉट एडिट करून पुटस्ट्रिंग केलं, आणि पुढच्या ओळीत पुन्हा प्रेफ्स डॉट एडिट करून अप्लाय केलं. वाचताना कोड बरोबर वाटतो, पण एडिट दर वेळी नवा एडिटर देतं. पहिल्याने घेतलेली किंमत त्याच्याबरोबरच गेली आणि रिकाम्या दुसऱ्याचं अप्लाय झालं. एडिटर एकाच व्हेरिएबलमध्ये धरा. कोटलिन असेल तर अँड्रॉइडच्या केटीएक्स लायब्ररीतला एडिट ब्लॉक वापरा, तो शेवटी आपणहून अप्लाय करतो.

तिसरं कारण फाइल वेगळी असणं. ॲक्टिव्हिटीतलं, म्हणजे एका स्क्रीनच्या कोडमधलं, गेटप्रेफरन्सेस त्या ॲक्टिव्हिटीच्या नावाची फाइल वापरतं. लॉगिन स्क्रीनवर त्यात ठेवलेलं नाव मुख्य स्क्रीनवर त्याच पद्धतीने शोधलं तर दुसरीच फाइल उघडते. पूर्ण ॲपला एकच नाव ठरवून गेटशेअर्डप्रेफरन्सेस वापरा आणि ते एकाच क्लासमध्ये ठेवा. किंमतींची नावंही तिथेच कॉन्स्टंट म्हणून ठेवा. 'दर_शेवटचा' आणि 'शेवटचा_दर' या दोन नावांत गेलेली दुपार मला आठवते.

चौथं कारण अप्लाय आणि कमिटमधल्या फरकात आहे. अप्लाय मेमरीतली किंमत लगेच बदलतं आणि डिस्कवर मागाहून लिहितं. कमिट डिस्कवर लिहूनच परत येतं आणि जमलं की नाही ते सांगतं. रोजच्या वापराला अप्लायच बरं, कारण पडदा चालवणाऱ्या मुख्य थ्रेडवर कमिट केलं तर स्वस्त फोनवर स्क्रीन अडकतो. पण काही ॲपमध्ये भाषा बदलल्यावर प्रोसेस मारून ॲप पुन्हा सुरू करतात. तिथे अप्लायनंतर लगेच प्रोसेस मारली, तर डिस्कवर काही पोचलेलंच नसतं आणि वापरणारा म्हणतो, "मी मराठी निवडलं, पुन्हा इंग्रजीच येतंय." अशा जागी कमिट करा.

नक्की काय लिहिलं गेलंय हे बघायला अंदाज बांधू नका. अँड्रॉइड स्टुडिओच्या डिव्हाइस एक्सप्लोररमध्ये डेटा, त्यात पुन्हा डेटा, त्यात तुमच्या पॅकेजचं फोल्डर, त्यात शेअर्ड_प्रेफ्स. आत साधी एक्सएमएल फाइल असते. डीबग (तपासणीसाठीची) आवृत्ती असेल तर उघडून वाचता येते. देवनागरी ३४.५० मला तिथेच दिसलं.

अपडेटनंतर पडणारं ॲप

पहिल्या आवृत्तीत पावती क्रमांक इंट होता. पुढे तो लाँग केला, नाव तेच ठेवलं. नव्याने इन्स्टॉल करणाऱ्याला काही होत नाही, पण जुन्या फोनवर गेटलाँगला फाइलमध्ये इंट सापडतो आणि क्लास कास्ट एक्सेप्शन (प्रकार न जुळल्याची त्रुटी) येतं. प्रकार बदलायचा असेल तर नावही बदला, आणि पहिल्यांदा उघडताना जुनी किंमत वाचून नव्या नावाखाली लिहा. आपण मात्र तपासताना जुनं ॲप काढून नवं टाकतो, त्यामुळे ही चूक आपल्याकडे कधीच दिसत नाही.

स्ट्रिंगच्या संचाचं एक वेगळंच आहे. गेटस्ट्रिंगसेटने मिळालेल्या संचातच नवी भर घालून तो परत ठेवू नका. अँड्रॉइडच्या दस्तऐवजात तशी स्पष्ट मनाई आहे. आधी प्रत काढा, तिच्यात भर घाला, मग ठेवा.

बॅकअपमधून परत आलेला पावती क्रमांक

अँड्रॉइड ६ पासून ॲपचा डेटा आपोआप गूगल खात्यावर जातो, ॲपमागे २५ एमबीपर्यंत, आणि त्यात शेअर्ड प्रेफरन्सेसही येतात. नवा फोन घेतला की ते परत बसतात. भाषा, दर, पाळी आली तर वापरणारा खूश. पण पावतीचा चालू क्रमांक त्यात असेल तर तो शेवटच्या बॅकअपच्या वेळचा येतो. त्यानंतर फाडलेल्या पावत्यांचे क्रमांक पुन्हा एकदा दिले जातात, दोन शेतकऱ्यांच्या हातात एकच क्रमांक. फोनची ओळख म्हणून ठेवलेला आयडीही असाच दुसऱ्या फोनवर जातो. अशा गोष्टी वेगळ्या फाइलमध्ये ठेवून बॅकअपच्या नियमांतून ती फाइल वगळा. अँड्रॉइड १२ पासून त्या नियमांची फाइल वेगळी आहे, जुन्या फोनसाठीची वेगळी. दोन्ही द्याव्या लागतात.

इथे ठेवू नये ते

पासवर्ड तर नाहीच. फाइल साध्या मजकुरात असते, आणि रूट केलेल्या (आतले निर्बंध काढलेल्या) फोनवर ती कुणीही उघडतो.

रोजच्या नोंदीही नाहीत. दीडशे उत्पादकांचं दूध, फॅट, एसएनएफ (फॅटशिवायचे घन घटक) यांचं जेसन, म्हणजे एक लांब मजकूर, करून एका नावाखाली कोंबलं, की काही दिवस छान चालतं. मात्र पहिल्यांदा वाचताना ही फाइल अख्खी मेमरीत येते आणि एक किंमत बदलली तरी अख्खी पुन्हा लिहिली जाते. महिनाअखेरीला ॲप उघडायला वेळ लागू लागतो तो याने. ज्याच्या ओळी वाढत जाणार, ज्यात शोधायचं आहे, ते रूम या अँड्रॉइडच्या डेटाबेस लायब्ररीत ठेवा.

नवं ॲप असेल तर गूगल शेअर्ड प्रेफरन्सेसऐवजी डेटास्टोअर सुचवतं, आणि ते चांगलं आहे. तिथली नेहमीची चूक म्हणजे एकाच फाइलचे दोन डेटास्टोअर बनवणं. इलीगल स्टेट एक्सेप्शन येतं. कोटलिन कोडच्या फाइलमध्ये सर्वांत वर तो एकदाच लिहून ठेवा. फ्लटर (अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींसाठी ॲप बनवायचं साधन) वापरणाऱ्यांनी मेनमध्ये शेअर्ड प्रेफरन्सेस वाचण्याआधी विजेट्सफ्लटरबाइंडिंगचं एन्शुअर-इनिशिअलाइज्ड करावं, आणि अवेट (उत्तर येईपर्यंत थांबणं) विसरू नये. आयफोनवर फोटोचा पूर्ण पत्ता युझरडिफॉल्ट्समध्ये (तिथल्या अशाच सोयीत) ठेवू नका. ॲपच्या फोल्डरचा पत्ता अपडेटनंतर बदलू शकतो आणि फोटो असूनही सापडत नाही. फक्त फाइलचं नाव ठेवा.

सोडण्याआधी माझी चाचणी

आधी जुनी आवृत्ती टाकतो, दर, पाळी, भाषा भरतो, दोन पावत्या फाडतो. मग ती न काढता वरून नवी टाकतो. ॲप उघडून मागची माहिती जशीच्या तशी आहे का बघतो. नंतर फोनची भाषा मराठी करतो, दर बदलून साठवतो, फोर्स स्टॉप करतो आणि पुन्हा उघडतो. फाइल उघडून दर इंग्रजी आकड्यांत आहे ना ते डोळ्यांनी बघतो. शेवटी फोन परत इंग्रजीत नेऊन हेच सगळं एकदा. पंधरा-वीस मिनिटं लागतात. पहाटेची पाळी सुरू व्हायच्या आदल्या दुपारी मी ती काढतो.