गाडी आडवी होते, पण ड्रिफ्ट टिकत नाही

रेसिंग गेममध्ये हँडब्रेक ओढून गाडी आडवी करणं कुणालाही जमतं. घोडं अडतं ते त्यानंतरच्या दोन सेकंदांत, गाडी तशीच आडवी घसरवत नेताना, म्हणजेच ड्रिफ्ट टिकवताना. मागच्या चाकांवर चालणारी गाडी, घसरणं रोखणारे ट्रॅक्शन आणि स्टॅबिलिटी कंट्रोल बंद, गिअर मॅन्युअल, एवढं तुम्ही केलं असणार असं धरतो.

मी सगळ्यात जास्त रखडलो ते काउंटरस्टिअरमध्ये. मागचा भाग घसरला की स्टिअरिंग उलट फिरवा, हे जो तो सांगतो. खरं आहे, पण अर्धंच. स्टिअरिंग पूर्ण उलट फिरलेलं असतं आणि नेमका तेव्हाच घाबरून ॲक्सिलरेटर सुटतो. मागच्या टायरना पकड परत मिळते, पुढची चाकं मात्र अजून उलटीकडेच तोंड करून असतात. मग गाडी झटक्यात तिकडे फेकली जाते. आपण स्टिअरिंग परत फिरवेपर्यंत भिंत आलेली असते! आपल्याला वाटतं, हात कमी पडले. अहो, हात नाही, पाय चुकतो. पाय एकदम उचलायचाच नाही. ड्रिफ्टचा कोन पायानेच ठरतो: थोडा दाबला की गाडी जास्त आडवी, थोडा सैल केला की कमी. बाहेर पडतानाही स्टिअरिंग जसजसं सरळ होईल तसतसा पाय सैल करत जायचा. पटत नसेल तर रिप्ले लावा आणि फक्त पुढच्या चाकांकडे बघा. धडकेच्या क्षणभर आधी ती कुठे वळलेली होती ते दिसेल.

सरावाला मोकळं मैदान आणि दुसरा गिअर पुरे. आधी एका खुणेभोवती गोल, मग दोन खुणांभोवती इंग्रजी आठचा आकडा. आठच्या मधोमध गाडी एका बाजूवरून दुसरीवर झुलते तेव्हा हाच झटका कामाला येतो. स्टिअरिंग व्हील असेल तर तिथे ते घट्ट धरू नका, बोटांतून फिरू द्या. फोर्स फीडबॅक, म्हणजे व्हीलमधली मोटर, बराचसा ते स्वतःच वळवतो. कंट्रोलर असेल तर स्टिक टोकापर्यंत ढकलायची सवय मोडा. फोर्झा होरायझनमध्ये स्टिअरिंग 'सिम्युलेशन'वर (गेमची मदत कमी करणाऱ्या पर्यायावर) टाकायची घाईही नको.

हजार हॉर्सपॉवरचे आयते ट्यून (दुसऱ्यांनी केलेल्या गाडीच्या सेटिंग्ज) उतरवून घेणाऱ्यांना माझा हात जोडून नमस्कार. त्यात चाकं गरगरतात, शिकायला काही मिळत नाही. असेटो कोर्सा या गेममधली बीएमडब्ल्यू एम३ ई३०ची ड्रिफ्ट आवृत्ती घ्या, कमी ताकदीत पायाची चूक लगेच कळते. साधी गाडी घेतलीत आणि आतल्या बाजूचं एकच चाक धूर काढत असेल, तर डिफरेन्शियल लॉक करा, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकत्र फिरतील. टायरमधली हवा, कॅम्बर (चाकांचा तिरपेपणा) वगैरे नंतर.

व्हिडिओवाल्या गुरूंचंही तेच. आपली जमलेली फेरी दाखवणारे पुष्कळ आहेत. स्क्रीनवर पेडल दाखवणारा कुणी सापडला तर त्यालाच धरा. आणि बरेच दिवस गाडी नुसती गोल फिरून उभी राहिली तर स्वतःला दूषणं देऊ नका, बहुतेकांची तशीच राहते. पॉइंट्सचा आकडा मात्र स्क्रीनवरून घालवा. त्याच्या नादात कोन वाढवायला जाल आणि पाय पुन्हा सुटेल.