शेततळ्यात कागद अंथरण्याआधी बाहेर येण्याची वाट ठरवा

महाराष्ट्रात २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आली आणि कोरडवाहू पट्ट्यात शेततळी झपाट्याने वाढली. शेततळे खोदायचे ठरले की आकारमान, आत अंथरायच्या प्लास्टिकच्या कागदाची जाडी आणि अनुदानाचा हप्ता यांवर घरात आणि पारावर भरपूर चर्चा होते. परंतु आत पडलेला माणूस बाहेर कसा येणार, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. विहिरीला पायऱ्या असतात, निदान दगडांच्या कपारी तरी असतात. कागद अंथरलेल्या शेततळ्यात मात्र हाताला धरण्यासारखे काहीही नसते. म्हणून बाहेर येण्याची सोय पाणी भरण्याच्या आधी, कागदाबरोबरच करून घ्यावी.

तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल शेततळ्याच्या काठांना १:१ उतार दिला, तर तळ २४ बाय २४ मीटर उरतो आणि त्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. हा उतार ४५ अंशांचा असून त्याची तिरपी लांबी सव्वाचार मीटर भरते. त्यावर ५०० मायक्रॉनचा गुळगुळीत कागद असतो आणि पाण्याच्या रेषेवर शेवाळाचा बुळबुळीत पट्टा तयार होतो. आमच्या शेजारच्या शेततळ्यात एकदा कुत्रे पडले होते. ते काठापर्यंत पोहत येई, पुढचे पाय कागदावर टेकवी, नखांचा खरखर आवाज होई आणि पुन्हा ते मागे घसरे. चारही बाजूंनी त्याने हेच केले. शेवटी पोत्याला दोरी बांधून आत सोडली, तेव्हा त्यावर चढून ते वर आले. पट्टीच्या पोहणाऱ्याचीही गत यापेक्षा वेगळी होत नाही, कारण अडचण पोहण्याची नसून चढण्याची असते.

यावर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे गाठी मारलेला दोर. अंगठ्याएवढ्या जाडीचा नायलॉनचा दोर घेऊन त्याला फूटभर अंतरावर गाठी माराव्यात, वरचे टोक कागद दाबलेल्या चराच्या बाहेर काँक्रीटमध्ये रोवलेल्या लोखंडी अँगलला बांधावे आणि खालचे टोक थेट तळापर्यंत सोडावे. कागदाला भोक पाडून दोर अडकवण्याचा मोह टाळावा. चारही बाजूंना किमान एकेक दोर असावा, कारण घाबरलेला माणूस समोरच्या काठाकडे वळून पाहत नाही. शक्य असेल तर एका बाजूला मोटारसायकलचे जुने टायर एकमेकांना बांधून त्यांची शिडी सोडावी. तार उघडी पडलेले टायर मात्र कागद फाडतात, ते घेऊ नयेत. उन्हाने दोर कुजतो, त्यामुळे दर उन्हाळ्याच्या तोंडी दोन माणसांनी ताण देऊन तो तपासावा.

दोर असला तरी मुळात काठावर जाण्याचे कामच पडू नये, अशी मांडणी अधिक शहाणपणाची ठरते. फवारणीच्या वेळी मजूर बादलीने पाणी घेण्यासाठी काठावर वाकतात आणि तेथेच पाय घसरतो. शेततळ्याच्या काठाचा मातीचा भराव जमिनीपेक्षा उंच असेल, तर भरावावरून सायफनचा पाइप टाकून खालच्या बाजूला छोटा हौद बांधावा आणि फवारणीचे, जनावरांचे व हात धुण्याचे पाणी तेथूनच घ्यावे. भोवती पाच फूट उंचीची जाळी आणि कुलूप लागणारे फाटक हवेच. पैशांअभावी जाळी लगेच जमत नसेल, तर भरावाच्या बाहेर घायपाताची दाट ओळ लावावी. पण ती वाढेपर्यंत काटेरी तार तरी ओढावी. पंप पाण्यात असेल, तर मुख्य स्विच बंद करून फ्यूज काढून हातात घेतल्याशिवाय कोणीही पाण्यात उतरू नये, कारण गेलेली वीज केव्हाही परत येते.

कोणी पडलेच, तर मागोमाग उडी मारू नये. मुलाला वाचवण्यासाठी आई उतरते आणि दोघेही त्याच घसरड्या काठाशी अडकतात. काठावर पालथे पडून दोर, बांबू किंवा साडी फेकावी. रिकामा, झाकण लावलेला प्लास्टिकचा कॅनही तरंगण्यासाठी कामी येतो. बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल, तर पोट दाबून किंवा उलटे टांगून पाणी काढण्यात वेळ घालवू नये. १०८ वर फोन लावायला एकाला सांगून दुसऱ्याने छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब द्यावा आणि दर ३० दाबांनंतर तोंडाने दोन श्वास द्यावेत.

झाडांच्या बाबतीत एक चूक वारंवार दिसते. सावली पडावी म्हणून भरावावरच झाडे लावली जातात. पुढे मुळे कागदाखाली शिरतात आणि पालापाचोळा पाण्यात कुजतो. भरावावर मारवेलसारखे गवतच पुरे. शेवरी, गिरिपुष्प किंवा बांबूची ओळ भरावापासून पुरेशी दूर आणि उन्हाळ्यातला वारा येतो त्या बाजूला घ्यावी, म्हणजे पाण्यावरून जाणारा वारा मंदावतो आणि बाष्पीभवन कमी होते. बाष्पीभवन दिवसाला आठ मिलिमीटर धरले, तरी ९०० चौरस मीटर पृष्ठभागावरून रोज ७,२०० लिटर पाणी उडून जाते. झाडाला ४० लिटर धरल्यास ते १८० डाळिंबांचे एका दिवसाचे पाणी झाले. बोअरचे पाणी उपसून शेततळ्यात साठवणाऱ्यांनी हा हिशेब जरूर मांडावा, कारण जमिनीखाली झाकलेले पाणी ते स्वतःच्या खर्चाने उन्हात ठेवत असतात.

पावसाच्या पाण्याने भरलेले शेततळे रब्बीच्या संरक्षित पाण्यासाठी, म्हणजे पीक सुकू नये म्हणून गरजेच्या वेळी द्यायच्या पाण्यासाठी, वापरणे मला जास्त पटते. एका एकरावर पाच सेंटिमीटर पाण्याची एक पाळी म्हणजे सुमारे दोन लाख लिटर. हरभऱ्याला दोनच पाळ्या शक्य असतील, तर पहिली पेरणीनंतर ३० ते ३५ दिवसांनी आणि दुसरी ६० ते ६५ दिवसांनी द्यावी. जास्त पाण्याने हरभरा उभळतो, म्हणजे पीक खराब होऊ लागते.

पाळ्या देता देता पाणी खाली जाते आणि धोका कमी झाला असे वाटू लागते. प्रत्यक्षात उघडा पडलेला गुळगुळीत उतार तेवढाच लांबलेला असतो, आणि नेमक्या याच दिवसांत मुलांना सुट्टी लागते. म्हणून मार्चअखेर एकदा काठाने फेरी मारून प्रत्येक दोराचे खालचे टोक अजून पाण्यात बुडालेले आहे का, हे पाहावे आणि वर ओढले गेलेले दोर पुन्हा तळापर्यंत सोडावेत.