शॅले पद्धतीचे घर बांधताना या चुका टाळा

शॅले म्हणजे मुळात स्वित्झर्लंडच्या आल्प्समधील गोपालकांची उन्हाळी झोपडी. वरच्या कुरणांवर गाई चारायच्या, तिथेच चीज करायचे आणि थंडी पडण्यापूर्वी खाली उतरायचे, यासाठी ती बांधली जाई. बर्फ, ऊन आणि लाकूड यांच्या हिशेबाने तिचे रूप घडले. तो हिशेब सोडून नुसते रूप उचलले की घर त्रास देऊ लागते.

सर्वाधिक फसगत छपराची होते. शॅले म्हटले की उभट, टोकदार छप्पर डोळ्यांसमोर येते. पण स्वित्झर्लंडमधील ब्रीन्झ गावाजवळील बालेनबर्गच्या खुल्या संग्रहालयात १९७८ पासून जतन केलेली जुनी घरे पाहिली, तर त्यांतील आल्प्सच्या लाकडी घरांची छपरे बेताच्या उताराची आणि वळचणी भिंतीच्या बऱ्याच पुढे आलेल्या आढळतात. छपरावर टिकून राहिलेला बर्फ गोधडीसारखी ऊब धरतो. मात्र माळ्यावरचा उष्णतारोधक थर अपुरा असेल, तर घरातील उबेने तोच बर्फ खालून वितळतो, पाणी थंड वळचणीवर येऊन पुन्हा गोठते आणि त्या बांधामागे तुंबलेले पाणी छपराच्या सांध्यांतून आत झिरपते. गोठलेल्या लांब पागोळ्या छायाचित्रात सुंदर दिसतात, पण पुष्कळदा ती गळतीची पूर्वसूचना असते. अशा वेळी छपरावर घाव घालून बर्फ फोडू नये. माळ्याच्या फटी बुजवाव्यात, थर जाड करावा आणि छपराच्या आच्छादनाखाली वारा खेळता ठेवावा.

दुसरी चूक सुतारकामातली. लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही, रुंदीत आकसते. त्यामुळे आडव्या ओंडक्यांची भिंत वाळताना मजल्यामागे काही सेंटिमीटर खाली बसते. दार घासू लागले म्हणून त्याला रंधा मारला जातो, पण दोष बहुधा वर असतो: चौकटीवर मोकळी फट न ठेवल्याने भिंतीचे ओझे चौकटीवर आलेले असते. ती फट ठेवून लोकरीने भरावी.

लार्च या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाच्या भिंतीला चकचकीत व्हार्निश लावू नये. उन्हाच्या बाजूस गर्द तपकिरी आणि सावलीत चंदेरी होणे हा त्या लाकडाचा स्वभाव आहे. व्हार्निशचा पापुद्रा सुटला की त्यामागे ओल कोंडते.

आतल्या सजावटीत शिंगे आणि कातडी टांगणे म्हणजे शिकारखान्याची नक्कल होय. जुन्या घरातील बैठकीची खोली ठेंगणी असे, कोपऱ्यात बाक आणि मेज असे, आणि तिथल्या शेगडीत लाकडे पुष्कळदा स्वयंपाकघरातून सारली जात, म्हणून खोलीत धूर येत नसे. दोन मजली उंचीचा दिवाणखाना काढल्यास ऊब वर जाऊन बसते आणि माणसे खाली कुडकुडतात.

महाबळेश्वरला वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तिथे बर्फ धरणारा उतार मुळीच घेऊ नये. उतार वाढवावा, लाकूड उंच दगडी जोत्यावर ठेवावे. रुंद वळचण तेवढी आल्प्सकडून जशीच्या तशी घ्यावी.